मिठाची गुळणी : गीता, अध्याय ३, श्लोक १२

आजचा श्लोक तिसऱ्या अध्यायातला बारावा. भगवान यज्ञाबद्दल बोलतायत. माझ्या शब्दांत अर्थ असा: यज्ञाने संतुष्ट झालेले देव तुम्हाला हवं ते देतील, पण त्यांनी दिलेलं घेऊन जो त्यांना काहीच परत देत नाही आणि एकटाच उपभोगत बसतो, तो चोर. मुळात शब्द आहे 'स्तेन'. आडपडदा नाही, सरळ चोर.

लहानपणी आजीबरोबर अध्याय म्हणताना हा श्लोक पाठ झाला होता. पण तो शब्द मला कधी टोचला नाही. चोर म्हणजे दुसरा कुणीतरी. नैवेद्य न दाखवता ताटावर बसणारा, नाहीतर टॅक्स बुडवणारा. गेल्या वर्षी पारायण करताना या श्लोकाशी आलो आणि पुढे जाता येईना. तो शब्द माझ्याबद्दलच होता. का, ते आज लिहितो. लिहायला फार बरं वाटत नाहीये, पण चिंतन लिहायचं तर खरं लिहावं.

आमची टीम आठ जणांची. ऑनलाइन माल विकणाऱ्या छोट्या-मोठ्या विक्रेत्यांचे पैसे त्यांच्या खात्यात पोहोचवायचे, हे आमचं काम. दिवसभराच्या विक्रीचा हिशोब होतो आणि रात्री एक प्रोग्रॅम बँकेला सूचना पाठवतो, याला इतके द्या, त्याला तितके द्या.

एका डिझाइन मीटिंगमध्ये मी शंका काढली. बँकेकडून उत्तर यायला उशीर झाला तर आपला प्रोग्रॅम 'पैसे गेले नाहीत' असं समजून तीच सूचना परत पाठवेल. मग पैसे दोनदा गेले तर? आमचे लीड हसले आणि म्हणाले, "याला सगळीकडे भूतच दिसतं. तू आधी तुझं रिपोर्टिंगचं बघ ना, दोन आठवडे रखडलंय ते." सगळे हसले. माझं रिपोर्टिंगचं काम खरंच रखडलं होतं, म्हणून तर जास्त लागलं.

त्या दिवशी बाईकवरून घरी येताना मी ठरवून टाकलं. भांडायचं नाही, नोकरीही सोडायची नाही. फक्त इथून पुढे विचारलं तेवढंच सांगायचं. आपलं काम करायचं आणि गप्प बसायचं.

आणि हे मी अगदी चोख केलं. रोजच्या स्टँड-अपला तीन वाक्यं. काल हे केलं, आज हे करतो, अडचण काही नाही. माझं प्रत्येक टास्क वेळेत. त्या महिन्यात माझ्याबद्दल कुणाची एकही तक्रार नसेल.

तीन आठवड्यांनी एका ज्युनियरने त्याच भागाचा कोड लिहून रिव्ह्यूला टाकला. मुलाला कॉलेजातून बाहेर पडून वर्षही झालं नव्हतं. रिव्ह्यूसाठी दोन नावं होती, त्यात माझं नव्हतं. सवयीने मी तरीही उघडून बघितला. आणि दिसलं. उत्तर आलं नाही की परत पाठव, बस. प्रत्येक व्यवहाराला एक कायमचा क्रमांक द्यावा लागतो, म्हणजे तोच व्यवहार दुसऱ्यांदा आला तर बँकेला ओळखता येतो. तो क्रमांकच त्यात नव्हता. सांगायला दोन ओळी, दुरुस्त करायला पंधरा मिनिटं.

मी टॅब बंद केला. त्या क्षणी मनात काय आलं ते शब्दन् शब्द आठवतंय. 'रिव्ह्यूला माझं नाव नाहीये. आणि भुतं दिसणाऱ्याला कोण विचारतं?'

महिनाअखेरीला रात्री बँकेची यंत्रणा मंदावली. दीड वाजता फोन आला. चाळीसेक विक्रेत्यांना पैसे दोनदा गेले होते. कॉलवर पंधरा माणसं. वरच्या कुणीतरी विचारलं, "हा कोड कुणाचा?" दोन-तीन सेकंद कुणीच बोललं नाही. मग त्या मुलाचा आवाज आला, "माझा, सर." मागे त्याच्या खोलीतल्या पंख्याचा खडखडाट ऐकू येत होता.

मी म्यूटवर होतो.

थोड्या वेळाने मी म्यूट काढलं, चूक कुठे आहे ते सांगितलं आणि दुरुस्तीही करून दिली. पहाटे चारपर्यंत सगळं ताब्यात आलं. सकाळी लीडनी ग्रुपवर माझं कौतुक केलं, 'काल रात्री याने दहा मिनिटांत पकडलं.' मी खाली हात जोडल्याची खूण टाकली. दहा मिनिटं नव्हे, मला ती चूक तीन आठवडे माहीत होती, हे फक्त मला ठाऊक होतं. मला आणि ज्याला सगळंच ठाऊक असतं, त्याला.

दोन-तीन छोट्या विक्रेत्यांनी आलेले पैसे लगेच मालाला देऊन टाकले होते. पुढच्या हिशोबांतून ते कापून घ्यावे लागले. त्यांचा काही दोष नव्हता, त्यांना त्रास झाला. तो मुलगा पुढे बरेच दिवस प्रत्येक ओळ चार जणांना दाखवल्याशिवाय पुढे जाईना. स्टँड-अपमध्ये त्याचा आवाज इतका खाली गेला, की "जरा मोठ्याने" असं सांगावं लागायचं.

मी काय चोरलं होतं? कुणाचा एक रुपया घेतला नाही. पगाराचं काम पूर्ण केलं. कंपनीच्या कुठल्याही नियमात मी बसत होतो. तरी गीतेच्या त्या शब्दात का अडकलो?

श्लोकाच्या मागचे-पुढचे श्लोक वाचले की चित्र स्पष्ट होतं. अकराव्यात भगवान म्हणतात, तुम्ही देवांना जपा, देव तुम्हाला जपतील. एकमेकांना जपूनच तुमचं भलं होईल. चौदाव्यात ते एक चक्र दाखवतात. प्राणी अन्नावर जगतात, अन्न पावसावर, पाऊस यज्ञावर आणि यज्ञ कर्मावर. सोळाव्यात सांगतात, हे फिरणारं चक्र जो पुढे चालवत नाही, त्याचं जगणं फुकट. म्हणजे चोरी कुठे झाली? चक्र आपल्यापाशी येऊन थांबलं, तिथे. आपल्याकडे आलेलं पुढे गेलं नाही. माऊलींनी ज्ञानेश्वरीत याच ठिकाणी स्वधर्मालाच रोजचा यज्ञ म्हटलंय. वेदी, समिधा, तूप काही नको. तुझ्या वाट्याचं काम नीट कर, तोच तुझा यज्ञ. ऑफिसला जाणाऱ्या माणसाला याहून जवळचं काय असणार?

मग मी विचार केला, ती चूक मला दिसलीच कशी? मी काही जन्मतः हुशार नव्हतो. दुसऱ्या नोकरीत असताना मी स्वतः हीच चूक केली होती आणि एक सीनियर रात्री अकरापर्यंत माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसले होते. घरी त्यांची मुलगी तापाने फणफणलेली होती, हे मला नंतर कळलं. त्या रात्री त्यांनी मला हा कायमच्या क्रमांकाचा धडा दिला. रागावले नाहीत, हसले नाहीत. त्यांनी दिलं, मी घेतलं. मग माझ्यासमोर एक मुलगा तीच चूक घेऊन आला आणि मी टॅब बंद केला. त्यांच्याकडून माझ्याकडे आलेलं माझ्यापाशीच थांबलं. त्या सीनियरना ते मला परत द्यायचं नव्हतंच, त्या मुलाला द्यायचं होतं. यज्ञाचं परत देणं बहुधा असंच असतं. ज्याने दिलं त्याला नाही, पुढच्याला.

आपलं क्षेत्र तर अशाच दानावर उभं आहे. रोज ज्या गिटवर आपण काम करतो, ते लिनस टोरवाल्ड्सने २००५ मध्ये लिनक्सच्या कामासाठी लिहिलं आणि सगळ्यांना मोकळं करून दिलं. आपण कधी त्याला काही दिलं? उलटी गोष्टही आपल्याच क्षेत्रात घडलीय. ओपनएसएसएल नावाची सुरक्षेची प्रणाली जगभरातल्या असंख्य वेबसाइट्स वापरत होत्या. ती सांभाळत होती मोजकी माणसं, तुटपुंज्या देणग्यांवर. २०१४ च्या एप्रिलमध्ये तिच्यातली हार्टब्लीड नावाची त्रुटी उघड झाली आणि सगळ्यांची झोप उडाली. त्यानंतर मोठमोठ्या कंपन्यांनी एकत्र येऊन अशा प्रकल्पांसाठी पैसे उभे केले. तोवर सगळे वापरत होते आणि कुणीतरी सांभाळत असेल असं धरून चालले होते. मला हे वाचताना बाराव्या श्लोकाचीच आठवण होते.

पण माझ्या बाबतीत गोष्ट आळसाची नव्हती. मी विसरलो नव्हतो, कंटाळलो नव्हतो. मी रुसलो होतो. आणि रुसव्याला मी स्वाभिमान म्हणत होतो.

इथे मला कर्ण आठवला.

मराठी घरात वाढलेल्या आपल्यातल्या बहुतेकांचा कर्ण लाडका. 'मृत्युंजय' वाचून ज्याने रात्र जागवली नाही, असा मराठी वाचक विरळाच. माझाही तो लाडका आहे, आजही. म्हणूनच उद्योगपर्वातला तो प्रसंग मला त्रास देतो. युद्ध तोंडावर आलंय. दुर्योधन भीष्मांना विचारतो, दोन्ही बाजूंचे रथी-महारथी कोण ते सांगा. भीष्म एकेकाची गणना करतात आणि कर्णाशी येऊन सगळ्यांदेखत म्हणतात, हा अर्धरथी. कवचकुंडलं गेली, परशुरामांचा शाप आहे, हा काय टिकणार! द्रोणही मान डोलावतात. कर्ण संतापतो आणि सांगून टाकतो, भीष्म जिवंत आहेत तोवर मी लढणार नाही.

युद्ध अठरा दिवसांचं. त्यातले पहिले दहा दिवस भीष्म सेनापती. म्हणजे अर्ध्याहून जास्त युद्ध कौरवांचा सर्वांत मोठा धनुर्धारी बाजूला बसून होता. युद्धाच्या तोंडावर श्रीकृष्ण त्याच्याकडे जाऊन म्हणतात, भीष्म पडेपर्यंत तू आमच्या बाजूने ये. तो नकार देतो, दुर्योधनाला न आवडणारं काही मी करणार नाही म्हणतो. किती मोठं मन! पण त्याच दुर्योधनासाठी धनुष्य मात्र उचलत नाही. आपण कर्णाला खाल्ल्या मिठाला जागणारा म्हणतो. या दहा दिवसांपुरती त्या मिठाची त्याने गुळणी धरली होती, असं मला वाटतं.

त्या दहा दिवसांची किंमत कुणी मोजली? भीष्मांना तर इच्छामरण होतं. किंमत मोजली ज्यांनी कर्णाचा काहीच अपमान केला नव्हता त्यांनी. नाव-गाव नसलेल्या सैनिकांनी. दुर्योधनाच्या कितीतरी भावांनी, जे याच दिवसांत भीमाच्या हातून पडले. रुसवा असतो एकावर आणि त्याचं बिल जातं दुसऱ्याच्या पत्त्यावर. माझा राग होता लीडवर. बिल गेलं त्या पोराला आणि मी कधी न पाहिलेल्या कुठल्यातरी गावातल्या विक्रेत्याला.

आता तुम्ही म्हणाल, आणि म्हणायलाच हवं, की मग अपमान गिळायचा का? कर्णाचा अपमान काही त्या एका दिवसाचा नव्हता. आयुष्यभर 'सूतपुत्र' ऐकत आलेल्या माणसाला आपण टीमवर्क शिकवायचं, हे सोपं आहे. आपल्या ऑफिसांतही कुणाच्या आडनावावरून, कुणाच्या इंग्रजीवरून, कुणाच्या गावावरून हसणं चालतं. ज्याला हसतात त्याने 'संघभावना' म्हणून गोड मानून घ्यावं, असं गीता सांगत नाही आणि मीही सांगणार नाही. उलट, भीष्मांनी जे केलं ते मोठ्या माणसाला शोभणारं नव्हतंच. भरसभेत हसून तुम्ही एक माणूस गप्प करता, तेव्हा त्याला पुढे जे जे दिसणार असतं ते सगळं गमावता. आमच्या लीडनीही त्या दिवशी तेच केलं.

पण यात दोन हिशोब आहेत आणि मी ते एकाच वहीत मांडले. एक हिशोब माझा आणि लीडचा. तो त्यांच्याशीच मिटवायला हवा होता. तोंडावर बोलून, नाही जमलं तर वर जाऊन, तेही नाही जमलं तर नोकरी सोडून. हे तिन्ही मार्ग सरळ आहेत. दुसरा हिशोब माझा आणि कामाचा. त्यात ते पोर होतं, विक्रेते होते, रात्री अकरापर्यंत बसलेले माझे ते सीनियर होते. पहिल्या हिशोबातली थकबाकी मी दुसऱ्या हिशोबातून वसूल केली. टीममध्ये राहायचं, पगार घ्यायचा आणि दिसलेलं धरून ठेवायचं, हा चौथा मार्ग. त्याला बाहेरून कुणी नाव ठेवू शकत नाही. म्हणूनच तो मोहात पाडतो.

आता दुसऱ्या बाजूची टीम बघा.

चौदावा दिवस. आदल्या दिवशी अभिमन्यू गेलाय. अर्जुनाने प्रतिज्ञा केलीय, आज सूर्यास्ताच्या आत जयद्रथाला मारेन, नाहीतर अग्निप्रवेश करेन. याच्याहून कडक डेडलाइन कुणाला मिळाली असेल? दिवस कलायला लागलाय, जयद्रथ अजून लांब आहे आणि द्रोणपर्वात असा प्रसंग येतो की रणांगणाच्या मधोमध रथ थांबतो. अर्जुन म्हणतो, घोडे थकलेत, बाणांनी जखमी झालेत. अर्जुन खाली उतरून एकटा शत्रूला थोपवून धरतो. बाणांनी जमीन भेदून पाणी काढतो, बाणांचाच आडोसा उभा करतो. आणि श्रीकृष्ण घोडे सोडतात, त्यांच्या अंगातले बाण आपल्या हातांनी काढतात, अंग चोळतात, पाणी पाजतात, चारा घालतात. घोडे ताजेतवाने झाले की पुन्हा जुंपतात आणि रथ निघतो.

मला महाभारतातल्या सगळ्या दृश्यांत हे दृश्य सर्वांत जास्त आवडायला लागलंय. ज्याच्या देहात अर्जुनाने विश्व पाहिलं, तो घोड्यांच्या जखमा पुसतोय. त्या दिवशी कुणाचं नाव होणार होतं? अर्जुनाचं. श्रीकृष्णांच्या हातात तर शस्त्रही नव्हतं. 'घोड्यांचं माझ्याकडे नाही' असं ते म्हणाले नाहीत. अर्जुनाला घोडे थकलेले दिसले, तो बोलला, आणि श्रीकृष्णांनी लगेच हात लावला. 'आत्ता वेळ आहे का?' असंही ते म्हणाले नाहीत. ऐन घाईत रथीचं म्हणणं सारथ्याने ऐकलं. एकाने दिसलेलं सांगितलं आणि दुसऱ्याने ते ऐकून घेतलं. अकराव्या श्लोकातलं ते एकमेकांना जपणं मला इथे डोळ्यांनी दिसतं.

चांगला टीम मेंबर कोण, यावर आपल्याकडे ट्रेनिंगं होतात, स्लाइड्स येतात. मला आता त्याची एकच परीक्षा कळते. तुला जे दिसलं, ते त्या दिवशी संध्याकाळपर्यंत ज्याला गरज होती त्याच्यापर्यंत पोहोचलं का? रिव्ह्यूला नाव असो नसो, श्रेय मिळो न मिळो. पोहोचलं तर चक्र फिरलं.

पण पोहोचवण्याचीही रीत आहे. तोंड उघडणारे सगळेच काही देत नसतात. शल्य आठवा. सतराव्या दिवशी तो कर्णाचा सारथी होता आणि सतत बोलत होता. हंसाशी पैज लावून समुद्रावर दमलेल्या कावळ्याची गोष्ट त्याने कर्णाला तिथेच, रथावर ऐकवली. त्याच्या बोलण्यातलं बरंचसं खरंही होतं. पण ते बोलणं कर्णाचं तेज कमी करण्यासाठी होतं, युधिष्ठिराला त्याने तसा शब्दच दिला होता. कोड रिव्ह्यूमध्ये असे शल्य आपण सगळ्यांनी पाहिलेत. 'हे कुणी लिहिलंय?' एवढं वाक्यही पुरतं. सांगताना आपल्याला काय हवंय, समोरच्याचा कोड सुधारायला हवाय की समोरचा लहान व्हायला हवाय, हे एकदा स्वतःला विचारून घ्यावं.

आणि टीमच चुकत असेल तर? तर विकर्ण. द्यूतसभेत सगळे थोर माना खाली घालून बसले असताना दुर्योधनाचा हा धाकटा भाऊ उभा राहिला आणि द्रौपदीला जिंकलं असं म्हणता येणार नाही, हे स्पष्ट बोलला. त्याला गप्प कुणी केलं? कर्णाने. तू पोर आहेस, तुला धर्मातलं काय कळतं, अशा अर्थाचं बोलून. हे वाचताना मला फार वाईट वाटतं. भरसभेत अपमान म्हणजे काय हे ज्याला सर्वांत जास्त माहीत होतं, त्यानेच एका लहानाला भरसभेत बसवलं. दुखावलेला माणूस नकळत दुखावणारा होतो. मीही तेच केलं होतं, फक्त एक शब्दही न बोलता.

दहाव्या दिवशी भीष्म पडले. शरपंजरी असताना कर्ण त्यांना भेटायला गेला, सगळे निघून गेल्यावर, एकटा. आणि तेव्हा भीष्मांनी त्याच्या शौर्याची मनापासून स्तुती केली. तुझा माझ्या मनात द्वेष नाही, तुझा तोरा उतरावा म्हणून कठोर बोलत होतो म्हणाले. दोघांच्या मनातलं बोलून झालं. मला दर वेळी वाटतं, हे बोलणं दहा दिवस आधी झालं असतं तर?

तो श्लोक अडकला त्या आठवड्यात मी दोन माणसांशी बोललो.

आधी त्या मुलाशी. कँटीनमध्ये चहा घेऊन बसलो आणि सांगून टाकलं, तुझा कोड मी रिव्ह्यूला असतानाच बघितला होता. चूक दिसली होती. मुद्दाम बोललो नाही. तो बराच वेळ कपाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "दादा, मला वाटलं होतं तुम्ही बघितलाच नसेल. बघितला असता तर सांगितलंच असतं तुम्ही."

तो रागावला असता तर बरं झालं असतं. त्या वाक्यात माझ्यावरचा त्याचा सगळा विश्वास होता आणि तो मी तिथेच, त्याच्यासमोर काढून घेत होतो. तो 'ठीक आहे दादा' म्हणाला, पण ते ठीक नव्हतं आणि आम्हा दोघांनाही ते कळत होतं. मग मी लीडकडे जाऊन सांगितलं, की त्या रात्रीचं कौतुक माझं नव्हतं आणि दोषही एकट्या त्या मुलाचा नव्हता. रिपोर्टमध्ये 'ही शंका डिझाइनच्या वेळी आली होती, पुढे नेली गेली नाही' ही ओळ घालायला लावली. आणि जाता जाता म्हटलं, "त्या मीटिंगमधलं तुमचं बोलणं मला लागलं होतं."

ते म्हणाले, "कुठलं बोलणं?"

त्यांना आठवतच नव्हतं. मी महिना-दीड महिना उराशी धरून बसलो होतो आणि त्यांच्याकडे त्या वाक्याची नोंदही नव्हती. आठवण करून दिल्यावर ओशाळले. म्हणाले, "चुकलंच माझं. पण अरे, तेव्हाच बोलायचंस ना."

तेव्हाच बोलायचं होतं. एवढंच होतं.

आता रोज संध्याकाळी लॅपटॉप मिटायच्या आधी मी एक मिनिट थांबतो. आज मला काय दिसलं आणि मी ते कुणाला सांगितलं नाही? बहुतेक दिवशी काही नसतं. कधी कधी असतं. मग उघडून दोन ओळी लिहितो आणि पाठवतो. तो माझा नैवेद्य. तो मुलगा हल्ली पुन्हा मोठ्याने बोलायला लागलाय. रिव्ह्यूला मात्र अजून माझं नाव टाकत नाही. मी तरीही उघडून बघतो, आणि दिसलं तर लिहितो. त्याचं नाव टाकणं हे त्याच्या हातात, माझं लिहिणं माझ्या हातात.

पांडुरंगा, तू दिलेलं माझ्यापाशी अडू देऊ नकोस. दृष्टी दिलीस, तशी वेळेवर वाचाही दे. आणि माझं बोलणं कुणाला लहान करणारं होऊ देऊ नकोस.

आजचा अभ्यास: ज्याच्यावर रुसलात म्हणून काहीतरी सांगायचं थांबवलंय, असं एक काम आठवा. माफ करणं जमेल तेव्हा जमेल. ते सांगणं मात्र आज करा.

उद्या श्लोक तेरावा, यज्ञातून उरलेलं खाणाऱ्यांचा.

राम कृष्ण हरी.